मी चेंडूकडे बघत होतो

५ मार्च, सोमवार

फुटबॉल खेळत होतो तेव्हा दर सोमवारी वहीत लिहायचो. शनिवारी कोणी मला चकवलं, कुठे पाय घसरला, पुढच्या वेळी त्या गड्याला कसं अडवायचं. कोचची शिस्त होती ती. खेळ सुटला तशी वहीही सुटली. आज पुन्हा काढली, कारण दिवसभर जे काही केलं ते मैदानावर मला कोणी करायला सांगितलं असतं तर त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

लोकांच्या पोरांचे मुके घेतले. एकाचं नाक गळत होतं आणि हातात चघळून लगदा केलेलं बिस्किट होतं, ते त्याने माझ्या कानात घातलं. त्याची आई म्हणाली, "बघा, तुम्ही आवडलात त्याला!" मी हसलो. दात दिसतील असं हसायचं, हे पिमने बजावलंय.

पिम म्हणजे पक्षाचा प्रतोद. आमच्या ब्रॅकनवेलच्या पोटनिवडणुकीत मला उभं करायची कल्पना त्याचीच. माणूस बारीक, आवाज मऊ, आणि बोलताना समोरच्याच्या कोटावरचा नसलेला धागा काढत राहतो.

"अ‍ॅथोल, तू बोलू नकोस," तो म्हणाला. "बोलणारे आमच्याकडे ढिगाने पडलेत. तू नुसता उभा राहा. या भागात तुझ्या खांद्यांना मतं आहेत."

टॅनरीच्या, म्हणजे कातडी कमावायच्या कारखान्याच्या, फाटकाशी एका कामगाराने विचारलं, नदीकाठच्या गल्ल्यांत दर हिवाळ्यात गटाराचं पाणी शिरतं, त्याचं काय करणार? मी तोंड उघडायच्या आत पिम म्हणाला, "अरे, हा माणूस बारा वर्षं आपल्या टॅनर्स क्लबाच्या गोलपुढे उभा होता. ह्याच्या मागे कधी काही गेलं का?" सगळे हसले. गेलं होतं की, भरपूर गेलं होतं. पण मीही हसलो.

घरी येऊन तीनदा हात धुतले. माझी बायको नॅन्स दारात उभी राहून बघत होती.

"एवढी शिसारी येते तर हो कशाला म्हणालास?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

"उद्या मला कोणी विचारलं, पोप होतेस का, तर मीही हो म्हणू?"

हिला उत्तर देण्यात अर्थ नसतो. 

१८ मार्च, रविवार

निवडून आलो. आमदार अ‍ॅथोल ट्रेगिअर. लिहून बघितलं, दुसऱ्या कोणाचं नाव असल्यासारखं वाटतं.

काल रात्री क्लबाच्या हॉलमध्ये बिअरचा पूर आला होता. स्टॅन मॉट माझ्या गळ्यात पडून रडला. स्टॅन टॅनरीत कातडी ओढतो आणि मी खेळलो तितकी वर्षं तो आमच्या गोलच्या मागे कुंपणाला टेकून ओरडत उभा असायचा. समोरच्या संघातला कोणी माझ्या अंगावर आला की माझ्या आधी स्टॅनची शिवी तिथे पोचायची. त्याच्या अंगाला चुन्याचा आणि ओल्या कातड्याचा वास येतो. बाहेरचे लोक नाक धरतात, मला त्या वासाचं काही वाटत नाही.

"आमची डल्सी विधिमंडळाच्या भोजनगृहात वाढपी आहे, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला. "आता तुझं ताट तीच वाढणार. तिला सांगून ठेवलंय, अ‍ॅथोलला मांसाचा मोठा तुकडा घाल."

मग मंत्री रूपर्ट हॅसलम आले. सार्वजनिक बांधकाम खातं त्यांच्याकडे. आमच्या क्लबाचा मफलर उलटा गुंडाळून भाषण ठोकलं, की मी लहानपणापासून टॅनर्सचा भक्त आहे. खाली उतरल्यावर माझ्या कानाशी लागून विचारलं, "तू त्या खेळात नक्की काय करायचास रे?" हात हातात घेतला तर तळवा ओला. पँटला पुसला तरी तो ओलावा जाईना.

११ एप्रिल, बुधवार

सभागृहात बसणं म्हणजे काय ते कळलं. घंटा वाजते, आपण उठतो, पिम बोट दाखवील त्या बाजूला जाऊन बसतो, मोजतात, परत येतो. मधल्या वेळात सगळे एकमेकांना नालायक म्हणतात आणि नंतर भोजनगृहात एकमेकांना मीठ सरकवतात. हा दुटप्पीपणा मला झेपत नाही. मैदानावर मी ज्याला शिवी दिली ती मनापासून दिली.

माझ्या शेजारी पर्सी ओकली बसतो. सफरचंदांचा बागायतदार, साधा माणूस, जेवणानंतर घोरतो. त्याची बायको आणि नॅन्स पक्षाच्या महिला मंडळात एकत्र केक भाजतात, त्यामुळे दोघींचं रोज फोनवर गुऱ्हाळ चालतं. पर्सीने मला सफरचंद दिलं. दिवसभरात तेवढीच एक स्वच्छ गोष्ट तोंडात गेली.

घरी येऊन वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा कळलं, आज मी ब्रॅकनवेलच्या गटारांचा निधी कापायच्या बाजूने मत दिलं.

२ मे, बुधवार

आज जे पाहिलं ते लिहितो आणि विषय संपवतो.

रात्रीच्या जेवणाची सुट्टी होती. हॅसलम दुपारपासून ब्रँडीवर होते. डल्सी सूप वाढत होती तेव्हा त्यांनी तिच्या कमरेला हात लावला. ती बाजूला झाली. टेबलावरचे दोघे-तिघे आपापल्या बशीत डोकावले. ती भांडारखोलीकडे गेली तसे हेही उठले आणि झुलत्या दारामागे गेले.

मला मोहरीची चटणी हवी होती. खरंच हवी होती, मटण नुसतं रबर होतं. दार ढकललं तर आत हॅसलमनी तिचा दंड पिरगाळून तिला फळीशी दाबलं होतं. तिने ढकललं. त्यांनी उलट्या हाताने तिच्या तोंडात मारली. ती शेगडीवरच्या सूपच्या उकळत्या पातेल्यावर पडली, हात कोपरापर्यंत आत गेला. थोडं सूप हॅसलमच्या शर्टावर उडालं. ती ओरडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

मी दार सोडून दिलं. ते आपोआप मिटलं.

जागेवर येऊन बसलो. पर्सी म्हणाला, "चटणी नाही मिळाली?" मी म्हटलं, संपली. समोरच्या सूपवर चरबीची साय धरली होती. अशी घाणेरडी खानावळ मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही.

३ मे, गुरुवार

पिमने गाठलं. डल्सीला घरी बसवलंय. हॅसलमचं म्हणणं, पोरीने उर्मटपणे त्यांच्या अंगावर सूप फेकलं. डल्सीचं म्हणणं, त्यांनी मारलं. सभागृहाची समिती चौकशी करणार.

"ती म्हणते, तू दारात होतास," पिम माझ्या खांद्यावरचा धागा शोधत म्हणाला.

"दारात होतो."

"मग?"

"मग काही नाही. मी कोणाची चहाडी करत नाही."

त्याने असा सुस्कारा सोडला, जणू त्याच्या पायातला घट्ट बूट कोणी काढला. पण मी हे हॅसलमसाठी करत नाही, हे वहीत स्पष्ट लिहून ठेवतो. त्या माणसाची मला किळस येते. मी आमच्या रीतीने वागतोय.

लीगच्या चौकशी मंडळापुढे खेळाडू दुसऱ्या खेळाडूचं नाव घेत नाही, मग तो कुठल्याही संघाचा असो. मार खाणारा सांगतो, मीच त्याच्या कोपरावर आपटलो. मारणारा सांगतो, बिचारा घसरला असेल. बघणारे सांगतात, आम्ही चेंडूकडे बघत होतो. मंडळातल्या म्हाताऱ्यांनाही खरं काय ते कळतं. ते माना हलवतात आणि सगळे सुटतात. पुढच्या शनिवारी दोघंही मैदानावर. कोणाची भाकरी जात नाही.

क्लॅरी स्ट्रॉडने माझा जबडा मोडला तेव्हा चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मागून मारलं त्याने. तारांनी दात बांधलेले, तशाच तोंडाने मी मंडळापुढे सांगितलं, "क्लॅरी सज्जन गडी आहे, मीच धडकलो." तो हिवाळा मी नळीने रस्सा पीत काढला. पण त्यानंतर शहरातल्या कुठल्याही दारूच्या गुत्त्यात गेलो तरी कोणी ना कोणी उठून हात मिळवायचं. आयुष्यात मी केलेली सर्वांत चांगली गोष्ट ती असेल.

डल्सीला हे नीट समजावायला हवं. स्टॅन समजून घेईल.

५ मे, शनिवार

सामन्याआधी मॉटांकडे गेलो. नदीकाठची तिसरी गल्ली, अंगणात अजून गटाराचा चिखल. डल्सी स्वयंपाकघरात बसली होती. हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पट्ट्या, गालावर पिवळं-निळं.

"तुम्ही पाहिलंत," ती म्हणाली. अजून मी टोपीसुद्धा काढली नव्हती.

"डल्सी, ऐक. तू म्हणालीस त्यांनी मारलं, की ते म्हणणार तू सूप फेकलंस. मग वकील, वर्तमानपत्रं, चिखलफेक. त्यापेक्षा तू म्हण, पाय घसरला. मी म्हणतो, पाहिलं नाही. मग ते म्हणतील, बिचारी घसरली, जाऊ द्या. सोमवारी तू कामावर."

"आणि ते तसं म्हणतील कशावरून?"

"म्हणतातच. रीत आहे ती."

"कोणाची रीत? मी कुठल्या संघात खेळते?"

मी स्टॅनकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता. मग म्हणाला, "पोरी, ह्या माणसाचा जबडा मोडला होता, तरी ह्याने तोंडातून ब्र काढला नाही. आपण चहाडखोर नाही. अ‍ॅथोल सांगतोय तर त्याने विचार केला असेल."

"डॅड, त्यांनी मला मारलंय."

"मला कळतं गं. पण नोकरी राहील ना तुझी. अ‍ॅथोल बघेल. बघशील ना रे?"

"बघतो की," मी म्हटलं.

तिने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाली, "ठीक आहे. घसरले." आणि चांगल्या हाताने माझ्यापुढचा कप उचलून मोरीत ओतला. मी अजून प्यायलो नव्हतो. मोठं मन लागतं समजून घ्यायला, पोर अजून लहान आहे.

टॅनर्स हरले. पावसाने मैदानाची राड झाली होती.

१५ मे, मंगळवार

समिती. लांब टेबलामागे तीन म्हातारे, पाण्याचा तांब्या, अगदी लीगच्या मंडळासारखं. बघून मला बरं वाटलं. मागच्या बाकावर स्टॅन लग्नातला सूट घालून बसला होता.

डल्सीला आधी बोलावलं. "माझा पाय घसरला," ती म्हणाली. तक्रार केली होतीस ना? "गोंधळले होते." एका म्हाताऱ्याने तिच्या गालाकडे पाहून विचारलं, हेही घसरूनच? ती म्हणाली, "हो."

मग मी. शपथ घेतली. विचारलं, काय पाहिलंत? आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "सर, मी चेंडूकडे बघत होतो."

सगळे हसले. विरोधी पक्षाचा सदस्य म्हणाला, "भोजनगृहात चेंडू?" मी म्हटलं, म्हणजे ताटाकडे. माझे कान तापले, पण हसणं चांगलं असतं, हसलं की मंडळ मऊ होतं.

शेवटी हॅसलम. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, बिचारी घसरली. ते उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, की ह्या तरुणीने रागाच्या भरात जाणूनबुजून गरम सूप माझ्या अंगावर टाकलं, तिच्या तोंडाला दारूचा वास येत होता, आणि तिने आधी एक आणि आज दुसरीच गोष्ट सांगितली हे समितीने स्वतःच ऐकलंय.

मला वाटलं, त्यांना रीत माहीत नसावी. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. पिमने सांगायला हवं होतं.

डल्सीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती मागे वळून बापाकडे बघत होती.

१६ मे, बुधवार

डल्सीला काढलं. दाखला न देता. शहरातल्या कुठल्याही हॉटेलात आता तिला कोणी उभं करणार नाही.

वर्तमानपत्रात माझा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत, "मी चेंडूकडे बघत होतो." लोकांना गंमत वाटली. हॅसलमनी सगळ्यांसमोर मला सिगार दिली, पाठीवर थाप मारली, "खिलाडू माणूस!" तो तळवा कोटातून आत भिजवत गेल्यासारखा वाटला. सिगार बाहेर येऊन गटारात टाकली.

हॅसलमना मी सांगितलं, की तुम्ही तसं बोलायला नको होतं, दोघंही सुटला असतात. ते खरोखर गोंधळून म्हणाले, "पण मी तर सुटलोच की."

पिम म्हणाला, "तुला आम्ही उगाच नाही निवडलं, अ‍ॅथोल."

घरी नॅन्सने वर्तमानपत्र बटाट्याच्या सालींखाली पसरलं होतं. माझ्या फोटोवर साली पडत होत्या.  आमच्या ग्लेनिसने मात्र शेजारच्यांच्या अंकातून बातमी कापून आणली होती. तिला वडिलांचं कौतुक आहे.

२६ मे, शनिवार

मैदानावर गेलो. गोलच्या मागे कुंपणाशी स्टॅन नव्हता. शोधला तर पार दुसऱ्या बाजूला, पाहुण्या संघाच्या लोकांत उभा. जवळ गेलो.

"स्टॅन, मी पिमशी बोललोय. डल्सीसाठी कुठेतरी..."

"टॅनरीत लागलीये ती. कातडी खरवडायला." तो मैदानाकडेच बघत होता. "चुन्यात हात घालावा लागतो. भाजलेला हात आहे, रात्री झोपत नाही. तुमचा वेळ घेत नाही, आमदारसाहेब."

आमदारसाहेब! ज्याने मला घाणेरड्यात घाणेरड्या नावांनी हाका मारल्या, त्याने! मला राग आला. मी काय केलं होतं? जे केलं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी मिठी मारली. क्लॅरी स्ट्रॉड. आता टायर विकतो, पोट सुटलंय, दोन्ही हातांत मांस भरलेली पॅटिस, एक मला दिलं. 

"वाचलं मी!" तो हसत सुटला. "चेंडूकडे बघत होतो म्हणे! लेका, तू सुधारणार नाहीस. तुझ्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही. तुला सांगतो, म्हणून तर त्या दिवशी तुला मारलं."

"म्हणून म्हणजे?"

"अरे, आमच्या कोचने सकाळीच सांगितलं होतं. कोणाला तरी आडवं करायचं तर ट्रेगिअरला करा, तो सांगत नाही. तुमचा तो लालकेस्या मॅक्फी होता ना, त्याला कोणी हात लावायचं नाही. साला पंचाकडे बोंबलत जायचा." त्याने माझ्या जबड्यावर प्रेमाने थोपटलं. "तू सोन्यासारखा गडी. आख्ख्या लीगला ठाऊक होतं."

मी पॅटिस खाल्लं. मग गॅलरीच्या मागे जाऊन सगळी ओकून टाकली. मैदानावरचं खाणं आजकाल काय दर्जाचं असतं, कोणी तपासत नाही. सभागृहात हा प्रश्न मांडायला हवा.

मॅक्फी अजूनही दिसतो कधी कधी. त्याच्या तोंडातले सगळे दात शाबूत आहेत.

६ जून, बुधवार

पिम आज हसत आला. हॅसलमना कार्यालयात टंकलेखिका हवी आहे. आधीची सोडून गेली. "तुझ्या मुलीचा टायपिंगचा वर्ग संपला ना? मंत्र्यांनी स्वतः नाव काढलं. म्हणाले, ट्रेगिअरचं घर म्हणजे भरवशाचं घर."

मी म्हटलं, बघतो.

"बघायचं काय त्यात? मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा."

घरी पोचलो तर ग्लेनिस दिवाणखान्यात गिरक्या घेत होती. "डॅड! मंत्र्यांचं ऑफिस! दौऱ्यांवरसुद्धा जायचं! मोल्डुरापर्यंत, आगगाडीने!"

मी म्हटलं, ट्रॅम दोनदा बदलावी लागेल.

"मी चालत जाईन!"

मी म्हटलं, मंत्री फार चिडखोर आहेत. ती म्हणाली, तुम्ही काय कमी आहात? नॅन्स इस्त्री करत होती. इस्त्री एकाच जागी थांबली होती, कापड जळल्याचा वास आला तेव्हा तिने उचलली.

१० जून, रविवार

दुपारी भाजलेलं मटण होतं.  ग्लेनिस नवा कोट दाखवायला शेजारी गेली होती.

नॅन्सने सुरी-काटा खाली ठेवला. "अ‍ॅथोल, त्या दिवशी तू काय पाहिलंस?"

"समितीला सांगितलं ते."

"मी समिती नाही."

"नॅन्स, शपथेवर सांगितलंय मी."

"म्हणजे शपथेवर खोटं बोललास की काय, हे मी विचारत नाहीये. मंगळवारी माझी मुलगी तिथे जाणार आहे. पाठवू का, एवढंच सांग."

हो म्हणावं तर जीभ उचलेना. नाही म्हणावं तर कारण द्यावं लागलं असतं. मी मिंट सॉस मागितला. तिने बाटली माझ्यापुढे आपटली. बायकांना सगळं तोंडाने बोलून हवं असतं. माझ्या ताटात मात्र चरबी गोठत होती आणि मला ते भोजनगृह, तो वास, सगळं पुन्हा नाकात आलं. त्या इमारतीचीच मला ओकारी येते.

उद्या राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. एक दिवस मिळाला.

१२ जून, मंगळवार

सुट्टीच्या दिवशीही काही बोललो नाही. टॅनर्सचा सामना होता, तिकडे गेलो.

आज सकाळी ग्लेनिस नव्या कोटात खाली आली, ओठांना हलकी लाली लावून. सतरा वर्षांची पोर. टोस्ट उभ्यानेच खात होती. मला डल्सीचा हात दिसला. म्हणालो, "ग्लेनिस, तू जायचं नाहीस."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"पण का? ट्रॅमसाठी?"

"तो माणूस बायकांवर हात टाकतो."

ती हसली. "डॅड, ते त्या वाढपी मुलीचं? ती स्वतःच घसरले म्हणाली. तुम्हीही शपथेवर सांगितलंत. कात्रण आहे माझ्याकडे."

"मी पाहिलं."

"काय पाहिलंत?"

"सगळं."

टोस्ट तिच्या हातातच राहिला. मला वाटलं ती घाबरेल, रडेल, माझ्याजवळ येईल. तिने माझ्याकडे बघितलं. मी ज्या नजरेने हॅसलमच्या तळव्याकडे बघतो, तशा नजरेने. "आणि तिचा हात भाजला, तेही?"

"तेही."

मी काही वाईट केलं नव्हतं. वेळेवर सांगितलं, घरात सांगितलं. घरात सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. उठून बोळकांडीतल्या फोनवरून पिमला कळवलं, ग्लेनिसला बरं नाही, ती येणार नाही, आज नाही आणि नंतरही नाही.

पिम जराही चिडला नाही. "काळजी करू नकोस. पर्सी ओकलीची धाकटी आहे, तीही टायपिंग शिकलीये. दुपारपर्यंत बोलावून घेतो. पर्सी खूश होईल."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

वळलो तर ग्लेनिस मागेच उभी होती. पिमचा आवाज मऊ असला तरी आमचा फोन जुना, समोरचा बोललेला शब्द न् शब्द बोळकांडीभर ऐकू येतो.

"तुम्ही बरं म्हणालात," ती म्हणाली.

"ग्लेनिस, तो पर्सीचा प्रश्न आहे. मी आणि पर्सी एका बाकावर बसतो. उद्या त्याला कळलं की मी मंत्र्यांविरुद्ध..."

तिने मला बाजूला केलं. मला, ज्याला आख्ख्या लीगमध्ये कोणी सरळ बाजूला करू शकलं नाही. फोन उचलून कानाला लावला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ओकलींचा नंबर काय?"

मी सांगितला नाही. स्वयंपाकघरातून नॅन्सने सांगितला.